ओरॅकलची फ्लॅशबॅक क्वेरी: पाच वर्षं वापरल्यानंतर

बेळगावातल्या एका पतसंस्थेचा संगणक विभाग मी सांभाळते. विभाग म्हणजे मी, हाताखाली एक नवा मुलगा आणि एसीच्या खोलीतला सर्व्हर. सभासद शहापूर-वडगावच्या यंत्रमागवाल्यांपासून खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्यांपर्यंत आणि निपाणीच्या व्यापाऱ्यांपासून सीमेपलीकडच्या चंदगडच्या लोकांपर्यंत. दोन राज्यांतले सभासद घ्यायचे म्हणून संस्थेची नोंदणी २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली आहे. सर्व्हरवर ओरॅकल हा डेटाबेस, आवृत्ती १९सी, स्टँडर्ड एडिशन २. त्या डेटाबेसमधल्या एकाच सोयीबद्दल मी लिहिते आहे. आमच्यासारख्या अनेक संस्थांत ती आधीपासून बसवलेली आहे, आणि गरज पडते त्या दिवशी ती कशी वापरायची हे कोणाला ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.

फ्लॅशबॅक क्वेरी म्हणजे टेबलाला ‘आत्ता तुझ्यात काय आहे’ असं न विचारता ‘पाऊण तासापूर्वी काय होतं’ असं विचारणं. नेहमीच्या सिलेक्टमध्ये, म्हणजे डेटा मागायच्या आज्ञेत, टेबलाच्या नावापुढे ‘अ‍ॅज ऑफ टाइमस्टँप’ लिहायचं आणि वेळ द्यायची. ही सोय पहिल्यांदा २००१ च्या ९आय आवृत्तीत आली. तेव्हा तिच्यासाठी वेगळं पॅकेज चालवावं लागायचं. सिलेक्टमध्येच लिहायचं ‘अ‍ॅज ऑफ’ ९आयच्या दुसऱ्या रिलीजमध्ये आलं. वेगळे पैसे लागत नाहीत, वेगळं काही बसवावं लागत नाही.

जुना डेटा येतो तो अनडूमधून. ओळ बदलण्याआधी ती कशी होती हे ओरॅकल अनडू टेबलस्पेस नावाच्या राखीव जागेत लिहून ठेवतं. रोलबॅक करता यावा, म्हणजे अर्धवट बदल मागे घेता यावा, आणि एकजण बदल करत असताना दुसऱ्याला अर्धवट चित्र दिसू नये, एवढ्यासाठी ते तसंही लागतंच. फ्लॅशबॅक क्वेरी त्याच नोंदी मागे मागे वाचत जाते. ही जागा किराणा दुकानातल्या उधारीच्या पाटीसारखी आहे: भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहितात. पुढे ज्या एरर सांगणार आहे त्यांतल्या बहुतेक या पाटीपाशी येऊन थांबतात.

आता तो दिवस सांगते.

१ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावं बदलली, त्यात बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. आमच्या सभासद टेबलात ‘गाव’ या रकान्यात मात्र इतक्या वर्षांत ज्याने जे टाइप केलं ते सगळं होतं: बेळगाव, बेळगांव, बेलगाम, कुठे नुसतं ‘बेळ.’. विवरणपत्रात एकच रूप लागतं म्हणून एका शुक्रवारी दुपारी मी ते एकसारखं करायला बसले. अपडेटच्या, म्हणजे बदलाच्या आज्ञेच्या, दोन ओळी होत्या. कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणारं ‘व्हेअर’ दुसऱ्या ओळीत. माउसने निवडताना पहिलीच ओळ निवडली गेली, आणि आमचं टूल निवडलेलं तेवढंच चालवतं. खाली आकडा आला: १८,६१२ ओळी बदलल्या. मला अपेक्षा साडेचार हजारांची होती. तो आकडा मी वाचला नाही. कमिट केलं, म्हणजे बदल कायम केला, आणि डबा उघडला. भिंतीवरच्या घड्याळात १ वाजून १० मिनिटं झाली होती.

१:५० ला खानापूर शाखेतून फोन आला. ‘अक्का, आमच्या जांबोटीची माणसं सगळी बेळगावीत कशी काय आलीत ओ? पासबुक छापायला घेतलंय, खरं पत्ता सगळ्यांचा एकच येतोय.’

मी चंदगडचे सभासद उघडून बघितले. बेळगावी. निपाणी, बेळगावी. संचालक मंडळातल्या साहेबांचं गाव, तेही बेळगावी. आदल्या रात्रीचा बॅकअप होता, पण तो दुसऱ्या मशीनवर चढवायला पाच-सहा तास लागले असते. आणि पाच वाजता रोजची बचत गोळा करणारे पिग्मी एजंट आपापली मशिनं घेऊन येणार होते. त्यांच्या दिवसभराच्या पावत्या एकदम सर्व्हरवर चढतात. त्यांना थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. फ्लॅशबॅकबद्दल मी कधीतरी वाचलेलं होतं, एवढ्याच आधारावर सुरुवात केली.

पहिल्या प्रयत्नात मी वेळ लिहिली १३:०५. एरर आली ओआरए-०१८४९, तास १ ते १२ मध्येच हवा. वेळेच्या नमुन्यात मी नुसतं ‘एचएच’ लिहिलं होतं, ‘एचएच२४’ हवं होतं. ते दुरुस्त केलं, तर ओआरए-०१८१०: एकच कोड दोनदा आला आहे. महिन्यासाठी ‘एमएम’ आणि मिनिटांसाठीही ‘एमएम’ लिहिलं होतं. मिनिटांना ‘एमआय’ लागतं. रोज असले नमुने लिहिणारी मी, पण त्या दुपारी बोटं ऐकत नव्हती. तिसऱ्या वेळी ओआरए-०१०३१, अधिकार अपुरे. मी अहवालांसाठीच्या लॉगिनमधून बसले होते. नुसता सिलेक्टचा अधिकार पुरत नाही, त्या टेबलावर ‘फ्लॅशबॅक’ नावाचा वेगळा अधिकार द्यावा लागतो. टेबलाच्या मालकाच्या लॉगिनमधून तो दिला. ही ओळ मी नंतर सगळ्या महत्त्वाच्या टेबलांसाठी एकदाच चालवून ठेवली. तुम्ही आजच चालवून ठेवा, कारण लागेल त्या दिवशी मालकाचा पासवर्ड ज्याच्याकडे असतो तो माणूस फोन उचलत नाही.

चौथ्या वेळी एरर आली नाही. ओळी आल्या. सगळ्या ओळींत बेळगावी.

त्या दिवसातला सगळ्यात वाईट क्षण तो होता. मला वाटलं, संपलं, जुना डेटा पुसला गेला. तेवढ्यात नव्या मुलाने शांतपणे विचारलं, ‘मॅडम, सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे काय?’ सर्व्हरला त्याची वेळ विचारली तर तो भिंतीवरच्या घड्याळाच्या सहा मिनिटं मागे. माझी अपडेट त्याच्या हिशेबात १:०४ ला झाली होती, आणि मी १:०५ चं चित्र मागत होते. डेटाबेसने बरोबर उत्तर दिलं होतं. चूक माझ्या प्रश्नात होती.

तेव्हापासून मी भिंतीवरचं घड्याळ बघून कधीच वेळ टाकत नाही. आधी ‘सिसटाइमस्टँप’ मागते आणि त्यातून मिनिटं वजा करत मागे जाते. त्या दिवशीही तेच केलं: गाव ‘बेळगावी’ असलेल्या ओळी किती, एवढंच मोजत एकेक मिनिट मागे सरकत गेले. आकडा १८,६१२ वरून एकदम ३११ वर आला. त्याच्याही एक मिनिट आधीची वेळ धरली, तिच्यावरून ‘टाइमस्टँप टू एससीएन’ या फंक्शनने डेटाबेसचा बदल-क्रमांक काढला आणि तो कागदावर लिहिला. एससीएन हा ओरॅकलचा स्वतःचा, सतत वाढत जाणारा क्रमांक. वेळेवरून क्रमांक शोधताना तीन सेकंदांपर्यंतचा फरक पडू शकतो, क्रमांकच दिला की पडत नाही. पुढचं सगळं काम मी त्या क्रमांकावर केलं.

मग टेबलाला हात न लावता आधी जुन्या चित्राची प्रत काढली, ‘क्रिएट टेबल अ‍ॅज सिलेक्ट’ने, वेगळ्या नावाने. १८,६१२ ओळी काही सेकंदांत आल्या. एकदा प्रत खऱ्या टेबलात उतरली की पाटीवर काय पुसलं जातंय याची फिकीर राहत नाही. नंतर चहा प्यायला तरी चालतो.

सगळं टेबल मागे न्यायची ‘फ्लॅशबॅक टेबल’ नावाची सोयही १०जी पासून आहे, पण ती एंटरप्राइज एडिशनमध्ये. आमच्या एडिशनमध्ये नाही, आणि मला त्या दिवशी तिची उणीव भासली नाही. मधल्या तासाभरात काउंटरवर तीन नवे सभासद झाले होते आणि दोघांचे मोबाइल नंबर बदलले होते. सगळं टेबल मागे नेलं असतं तर ते पाचही गेले असते. मी फक्त ‘गाव’ हा एक रकाना सभासद क्रमांक जुळवून प्रतीमधून परत आणला, तोही जिथे आत्ता ‘बेळगावी’ आहे तिथेच. तपासणीला पिनकोड उपयोगी पडले. पिन ५९१३०२ म्हणजे खानापूर, ४१६५०९ म्हणजे चंदगड. या दोन पिनवर गाव बेळगावी असलेल्या ओळी आता शून्य यायला हव्यात. आल्या. ४:२० ला मी खानापूरला उलट फोन केला. तिकडून आवाज आला, ‘आलं ओ अक्का, जांबोटी आलं.’

नंतर एक गोष्ट मला खटकत राहिली. आमच्या डेटाबेसमध्ये ‘अनडू रिटेन्शन’ (जुनं किती वेळ टिकवायचं तो आकडा) ९०० वर होतं. तोच मूळचा आकडा असतो, ९०० सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटं. मग सव्वा तासापूर्वीचा डेटा मला मिळाला कसा? याचं उत्तर त्या पाटीतच आहे. ९०० सेकंद झाली म्हणून कोणी लगेच पाटी पुसत नाही. नवं लिहायला जागा लागली की मगच पुसलं जातं. शुक्रवारची दुपार, जेवणाची वेळ, काउंटर थंड, म्हणून माझ्या जुन्या ओळी शिल्लक होत्या. त्याच ओळी साडेपाच वाजता, पिग्मी चढल्यावर, मिळाल्या असत्या याची मला खात्री नाही. आणि उलटही खरं आहे: आकडा वाढवला म्हणून डेटा राहीलच असं नाही. अनडूची फाइल ठरावीक आकाराची असेल तर ओरॅकल जागेच्या मानाने मुदत स्वतःच ठरवतं, तुमच्या आकड्याकडे बघत नाही. फाइल आपोआप वाढणारी असेल तर तो आकडा किमान मर्यादा म्हणून धरला जातो.

म्हणून मी हिशेब केला. ‘व्ही डॉलर अनडूस्टॅट’ या व्ह्यूमध्ये दर दहा मिनिटांची एक ओळ असते आणि चार दिवसांची नोंद राहते. त्यातून दिसलं की आमच्याकडे गर्दीच्या वेळी सेकंदाला साधारण १२ अनडू ब्लॉक लिहिले जातात. ब्लॉक ८ केबीचा. २४ तास, म्हणजे ८६,४०० सेकंद टिकवायचे तर गुणाकार जवळजवळ ८ जीबी येतो. आमची फाइल २ जीबीची होती. मी ती १६ पर्यंत वाढू दिली आणि रिटेन्शन ८६,४०० केलं. त्याच व्ह्यूमध्ये मुदत संपायच्या आधीच हिसकावल्या गेलेल्या ब्लॉकचा रकाना आहे. तो शून्य राहतो का हे मी दर सोमवारी बघते.

‘रिटेन्शन गॅरंटी’ नावाचं एक बटण आहे. ते चालू केलं की मुदतीआधी काहीही पुसलं जात नाही. ऐकायला छान वाटतं, पण मी ते चालू केलं नाही. जागा संपली तर ओरॅकल जुनं पुसण्याऐवजी नवा व्यवहारच नाकारतं, ओआरए-३००३६ देऊन. आठवडी बाजाराच्या दिवशी निपाणी शाखेत रांग दारापर्यंत असते. तिथल्या माणसाची पावती अडली तर माझ्या जुन्या डेटाचा त्याला काय उपयोग? ज्या डेटाबेसवर दिवसभर व्यवहार होतात तिथे गॅरंटी आणि जागा यांचा मेळ बसल्याशिवाय हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या सोयीची सगळ्यांना माहीत असलेली एरर म्हणजे ओआरए-०१५५५, ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’. ती मला पहिल्यांदा भेटली सप्टेंबरअखेरच्या व्याज-आकारणीनंतर. रात्री सगळ्या खात्यांवर व्याज चढलं आणि सकाळी मला आदल्या संध्याकाळच्या शिलका हव्या होत्या. तोवर अनडूची फाइल वाढवायची राहिली होती. क्वेरी सुरू झाली, काही हजार ओळी पडद्यावर आल्यासुद्धा, आणि मध्येच थांबली. पुसल्या गेलेल्या पहिल्या ब्लॉकपाशी ती थांबते, त्याआधीचं व्यवस्थित दाखवते. म्हणूनच एक युक्ती कामाला येते, ती मला फार उशिरा सुचली: सगळं टेबल मागू नका, हवी तेवढीच ओळ प्राथमिक कीवरून, म्हणजे तिच्या ओळख-क्रमांकावरून, मागा. पूर्ण टेबलावर १५५५ येत असताना मला हव्या असलेल्या चाळीसपैकी एकतीस खात्यांच्या ओळी एकेक करून मिळाल्या. त्या एररच्या मजकुरात रोलबॅक सेगमेंट लहान आहे असं लिहिलेलं असतं. ते शब्द जुन्या काळातले आहेत. ९आयपासून अनडूची व्यवस्था ओरॅकल स्वतः बघू शकतं. नवा माणूस मजकूर वाचून सेगमेंट शोधत बसतो. त्याने अनडू टेबलस्पेसचा आकार, मुदत आणि आपली क्वेरी किती वेळ चालते, या तीन गोष्टींकडे बघावं.

तिची चुलत बहीण ओआरए-०८१८०. जूनमध्ये लेखापरीक्षणाला आलेल्या साहेबांनी विचारलं, ‘तुमच्याकडे मागचा डेटा दिसतो म्हणे, ३१ मार्चचा दाखवा.’ दिलेल्या वेळेसाठी कोणताच क्रमांक सापडत नाही, असं उत्तर आलं. १५५५ मध्ये क्रमांक माहीत असतो पण अनडू गेलेला असतो. ८१८० मध्ये वेळेवरून क्रमांकच काढता येत नाही, कारण वेळ आणि क्रमांक यांची जुळणी ओरॅकल थोड्याच दिवसांची ठेवतं. साध्या फ्लॅशबॅककडून महिन्यांची अपेक्षा ठेवणं चूक आहे. त्यासाठी ‘फ्लॅशबॅक डेटा अर्काइव्ह’ आहे, २००७ च्या ११जी पासून. त्याचं साधं रूप ११.२.०.४ पासून सगळ्या एडिशनमध्ये मिळतं. मी ते सभासद, वारस आणि व्याजदर या तीन टेबलांना लावलं, मुदत पाच वर्षं. क्वेरी तीच, ‘अ‍ॅज ऑफ’. जुन्या ओळी मात्र पाटीवर न राहता वेगळ्या टेबलात साठतात. लावल्याच्या आधीचं काही मिळत नाही, म्हणून त्या साहेबांना ३१ मार्च दाखवायला बॅकअपच चढवावा लागला. अर्काइव्ह लावलेलं टेबल उडवायला गेलात तर ओआरए-५५६१० येते. ती एरर मला आवडते.

आता जिच्यामुळे एक रात्र गेली ती: ओआरए-०१४६६, टेबलाची व्याख्या बदलली आहे. तेव्हा वारसांचं टेबल अजून अर्काइव्हमध्ये नव्हतं. बाहेरून सॉफ्टवेअरच्या कामाला आलेल्या एका माणसाच्या हातून त्यात वारसांची नावं एकाची दुसऱ्याला लागली. माणूस चांगला, घाबरला. नाव कापलं जातंय असं समजून त्याने आधी रकान्याची लांबी वाढवली आणि मग मला फोन केला. मी तिसऱ्या रेल्वे गेटपाशी अडकले होते. तिथूनच सांगितलं, काहीही करू नका, आलेच. पण करून झालं होतं. रकाना बदलणं, रकाना काढणं, टेबल हलवणं (हे सगळं ‘आल्टर’ने होतं), ट्रंकेट करणं म्हणजे सगळ्या ओळी एकदम काढून टाकणं, कन्स्ट्रेंट म्हणजे नियम घालणं, यांपैकी काहीही केलं की त्याआधीचं त्या टेबलाचं अनडू वाचता येत नाही. अनडू तिथेच होता, २४ तासांचा, माझ्या हिशेबाने नीट मोजून ठेवलेला. दार तेवढं बंद झालं होतं. त्या रात्री दुसऱ्या मशीनवर बॅकअप चढवून दोन वाजता वारसांची नावं परत आणली. पतसंस्थेत वारसाचं नाव चुकणं म्हणजे काय हे ज्याच्या घरात कोणी अचानक गेलं आहे त्याला विचारा. त्या रात्री घरी जाताना कॉलेज रोडवर एकही माणूस नव्हता आणि मी तेवढाच विचार करत होते.

तेव्हापासून सर्व्हरच्या खोलीत दारावर मराठीत आणि कन्नडमध्ये एक कागद आहे: चूक दिसली की टेबलाला आल्टर नाही, ट्रंकेट नाही, आधी क्रमांक लिहून घ्या. गोकाककडच्या आमच्या शिपायाने कन्नड मजकूर लिहिला, अक्षर सुंदर आहे.

एरर न देता फसवणारी एक जागा आहे, ती वेगळी सांगते. दोन टेबलं जोडून क्वेरी लिहिली आणि ‘अ‍ॅज ऑफ’ एकाच टेबलापुढे लिहिलं, तर दुसरं टेबल आजचं येतं. कालच्या कर्जाला आजचा व्याजदर लागतो आणि उत्तर अगदी खरं वाटतं. प्रत्येक टेबलापुढे तेच ‘अ‍ॅज ऑफ’, तोच क्रमांक लिहायला हवा. पाच-सहा टेबलं असतील तर पूर्ण सेशनच मागे नेणारं ‘डीबीएमएस फ्लॅशबॅक’ पॅकेज बरं. फक्त काम झालं की ते बंद करायला विसरू नका.

‘व्हर्जन्स बिटवीन’, म्हणजे दोन वेळांच्या मधल्या ओळीच्या सगळ्या आवृत्त्या मागणं, मला मूळ सोयीपेक्षाही जास्त उपयोगी पडलं आहे. येळ्ळूरहून एक आजोबा आले होते, पिग्मीचे मेसेज दुसऱ्याच कोणाच्या मोबाइलवर जात होते. मी त्यांच्या ओळीच्या सगळ्या आवृत्त्या मागितल्या. पहिल्यांदा ओआरए-३००५२ आली, कारण मी खालची मर्यादा अनडूच्या मुदतीपलीकडची दिली होती. तिथे ‘मिनव्हॅल्यू’ लिहिलं की जितकं शिल्लक आहे तितकं मिळतं. दोन ओळी आल्या. एका आवृत्तीची सुरुवात रिकामी, म्हणजे ती मुदतीच्या आधीपासूनची. दुसरी सकाळी ११:३२ ची, बदलाचा प्रकार ‘यू’, म्हणजे अपडेट. ११:३२ ला काउंटरवर कोणाचं काम चाललं होतं ते पावत्यांवरून कळलं: त्याच आडनावाच्या दुसऱ्या सभासदाचा नंबर बदलायचा होता. आजोबांसमोर दोन मिनिटांत नंबर पूर्ववत केला. ही सोय कधी आणि काय ते सांगते, कोणी ते सांगत नाही; त्यासाठी ऑडिट वेगळं चालू ठेवावं लागतं.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात माझा मावसभाऊ मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस वापरतो. त्यात १०.३ पासून टेबलाचाच इतिहास ठेवायची सोय आहे. ती लावली त्या दिवसापासूनचं सगळं राहतं, पण आधी लावायला हवी, आणि नंतर टेबल आल्टर करायला गेलं की वेगळी सेटिंग केल्याशिवाय ते नाकारतं. वारसांच्या रात्रीनंतर मला ते नाकारणं फार शहाणपणाचं वाटतं. न लावता मिळणारा थोडा इतिहास हवा की लावल्यावर मिळणारा पूर्ण, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दोन्ही हवे आहेत, म्हणून ओरॅकलची साधी फ्लॅशबॅक आणि अर्काइव्ह ही जोडी मला पटते.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा यासाठी राखला की पंधरा मिनिटांचा मूळ आकडा तसाच ठेवून वर्षानुवर्षं चालणारी माझ्यासारखी खूप माणसं आहेत, आणि त्यांना पाटी किती लहान आहे हे चूक झाल्यावरच कळतं.

माझ्याकडचं एक काम अजून राहिलं आहे. सभासदांचे फोटो आणि सह्या वेगळ्या टेबलात बीलॉब, म्हणजे चित्रांसारखा मोठा डेटा ठेवायच्या, रकान्यात आहेत. त्यांच्या जुन्या आवृत्त्या अनडूमध्ये जात नाहीत, त्या रकान्याच्याच जागेत राहतात, आणि त्यांची मुदतही वेगळी. मी अनडू २४ तासांचा केला तरी गेल्या महिन्यात एक जुनी सही मागितली तेव्हा १५५५ सोबत ओआरए-२२९२४ आली. आमचा रकाना जुन्या बेसिकफाइल पद्धतीचा आहे. तिथे टेबल बनवताना जी मुदत होती तीच चिकटून राहते, डेटाबेसचा आकडा वाढवला तरी रकान्याला वेगळं सांगावं लागतं. ते सांगायचं म्हणजे पुन्हा आल्टर, म्हणून काउंटर चालू असताना करणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत, आधी बॅकअप काढून, दुसऱ्या मशीनवर करून बघून मग करणार आहे. तोपर्यंत सह्यांच्या टेबलाला नव्या मुलाला मी हात लावू देत नाही, आणि स्वतःही लावत नाही.